‘भयंकर’ म्हणजे ताशी किती किलोमीटर?

मे महिना सरत आला की, किंवा ऑक्टोबरात भात कापणीला आलेले असताना, कोकणातल्या घराघरात टीव्हीच्या पडद्यावर लाल पट्टी सरकू लागते. ‘भयंकर चक्रीवादळ’, ‘महाभयंकर संकट’, ‘समुद्राचे रौद्ररूप’. त्याच दिवशी हवामान विभागाच्या पत्रकात मात्र ‘तीव्र चक्रीवादळ’ एवढेच असते. वाचणाऱ्याला वाटते, तीव्र म्हणजे भयंकरपेक्षा जरा कमीच असणार. मग कोणी कौले तपासत नाही, कोणी होडी वर ओढत नाही.

गोंधळ इथेच आहे. ‘भयंकर’ला कसलेही माप नाही. ‘तीव्र’ला आहे: ताशी 89 ते 117 किलोमीटर वारा. एक शब्द भीती सांगतो, दुसरा वेग. दोन्ही विशेषणेच, पण पहिले पत्रकाराचे आणि दुसरे मोजपट्टीचे.

## भीतीचे शब्द झिजतात

‘भयंकर’ची फोड सोपी आहे. भय करणारे ते भयंकर. पण आज लग्नात जेवण ‘भयंकर छान’ असते, एसटीला ‘भयंकर गर्दी’ असते आणि शेजारची मुलगी ‘भयंकर हुशार’ असते. भय केव्हाच गळून पडले, उरले ते फक्त ‘खूप’. ‘तुफान’चे तर त्याहून वाईट झाले. फारसी-अरबीतून आलेला हा वादळाचा शब्द आता नाटकाच्या जाहिरातीत ‘तुफान विनोदी’ म्हणून नांदतो. ‘प्रलय’, ‘हाहाकार’, ‘कहर’ हे शब्दही मथळ्यात रोज वापरून गुळगुळीत झाले आहेत.

भाषेत असे होतच असते, त्यात कोणाचा गुन्हा नाही. पण इशारा द्यायचा असेल तर झिजलेले नाणे चालत नाही. म्हणून हवामानशास्त्राने कोरडे शब्द घेतले आणि प्रत्येकाला आकडा बांधून टाकला. ‘सायक्लोन’ हा शब्दही असाच घडवलेला आहे. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी 1848 मध्ये तो ग्रीक भाषेवरून तयार केला. वेटोळे घातलेल्या सापासारखा गोल फिरणारा वारा, ही त्यामागची कल्पना. त्यातही भीती नाही, आकार आहे.

## वाऱ्याची शिडी

समुद्रावर हवेचा दाब कमी झालेली जागा म्हणजे कमी दाबाचे क्षेत्र. भोवतालची हवा तिकडे धावते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे सरळ न जाता गोल वळते. आपल्या गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. (बातम्यांत सर्रास ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हणतात. पट्टा लांबट असतो, पावसाळ्यात किनाऱ्याला समांतर पसरतो आणि पाऊस देतो. त्याचे चक्रीवादळ झालेच पाहिजे असे नाही.)

वारा ताशी 31 किलोमीटरच्या आत आहे तोवर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र. 31 ते 50 झाला की डिप्रेशन, 51 ते 62 झाला की डीप डिप्रेशन. 63 ओलांडले की चक्रीवादळ, आणि नावही तेव्हाच मिळते. नाव आले म्हणजे वारा किमान 63 झाला, एवढे त्यावरून खात्रीने समजावे. 89 ला ‘तीव्र’ सुरू होते, 118 ला त्याच्या वरची पायरी, 166 ला आणखी वरची आणि 221 पासून पुढे ‘सुपर सायक्लोन’.

मधल्या दोन पायऱ्यांची मराठी नावे एकसारखी नाहीत. 118 ते 165 ला एक वर्तमानपत्र ‘अतितीव्र’ म्हणते, दुसरे तोच शब्द 166 ते 220 ला लावते, तिसरे ‘अत्यंत तीव्र’ लिहून मोकळे होते. ‘अति’ आणि ‘अत्यंत’ यांत मोठे कोण हे व्याकरणाला विचारून कळणार नाही. अशा वेळी शब्द सोडून द्यावा आणि बातमीत आकडा शोधावा. आकडा नसेल तर ती बातमी अर्धी आहे.

आणखी एक. शिडीला वर छप्पर नाही. 221 आणि 260 या दोन्हींना एकच नाव आहे.

## 60 आणि 120 यांत फरक दुपटीचा नाही

‘साठचा वारा तर आम्ही दर पावसाळ्यात बघतो, एकशे वीस म्हणजे त्याच्या दुप्पट’ असे म्हटले जाते. वेग दुप्पट हे खरे, पण दाब चौपट होतो. वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला आदळणारी हवाही दुप्पट होते आणि ती आदळतेही दुप्पट वेगाने. दोन दुणे चार.

घरचेच उदाहरण घ्या. 10 फूट बाय 3 फुटांचा पत्रा वाऱ्याला आडवा धरला, तर ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर साधारण 47 किलोचा रेटा येतो. म्हणजे सिमेंटची जेमतेम एक गोणी. 120 च्या वाऱ्यात तोच रेटा 190 किलोच्या आसपास जातो, जवळजवळ चार गोण्या.

आता पडवीवरच्या पत्र्यावर ठेवलेल्या चिऱ्यांचा विचार करा. जांभ्याचा एक चिरा तीसेक किलोचा. दोन चिरे ठेवले की पावसाळी वाऱ्यात पत्रा थडथडत नाही, म्हणून ही पद्धत टिकली. वादळात मात्र पत्रा चिऱ्यासकट उठतो आणि चिरा कुठे पडेल ते सांगता येत नाही. इशारा आला की चिरे वर चढवायचे नसतात, असलेले खाली उतरवायचे असतात.

छप्पर सहसा मधून उडत नाही. वारा वळचणीखालून शिरतो आणि वरून जाणारा वारा ओढ लावतो, त्यामुळे कडेची ओळ आधी सुटते. पडवी तीन बाजूंनी उघडी, म्हणून तिचा नंबर पहिला. पत्रा शाबूत दिसला तरी हूक बघावा. खाऱ्या हवेत डांबरी वॉशरच्या खाली गंज धरतो आणि हूक हाताने हलवला तरी निघून येतो. वेळ कमी असेल तर मधले हूक सोडून आधी वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळी बदलाव्यात. कौलारू घरातही कडेच्या दोन ओळींची कौले बांधली तर पुष्कळ वाचते. रीप कुजलेली असेल तर मात्र बांधून उपयोग नाही, रीपच वर जाते.

## मोबाईलवर वेगळा आकडा का दिसतो?

पत्रकातला वेग हा तीन मिनिटांच्या वाऱ्याची सरासरी असतो. अमेरिकी पद्धतीत एका मिनिटाची सरासरी धरतात, त्यामुळे त्याच वादळाचा आकडा थोडा चढा येतो. काही अ‍ॅपवर वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. 64 बघून कोणी निवांत झाला तर तो 118 बघून निवांत झालेला असतो.

शिवाय पत्रकात दोन आकडे असतात: ‘ताशी 100 ते 110 किमी, झोत 120 किमी’. पहिला सलग वाऱ्याचा, दुसरा मधेच येणाऱ्या झोताचा. माड पडतो तो बहुधा झोताने.

## मोठा शब्द, लहान शब्द आणि आपले अंगण

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. शिडीवरचा शब्द वादळाच्या मध्याभोवतीच्या वाऱ्याचा असतो. तुमच्या गावातल्या वाऱ्याचा नव्हे.

ऑक्टोबर 2019 मध्ये अरबी समुद्रातले ‘क्यार’ शिडीच्या शेवटच्या पायरीवर, सुपर सायक्लोनपर्यंत पोचले. 2007 च्या ‘गोनू’नंतर या समुद्रात तसे प्रथमच घडत होते. पण ते तिथवर पोचले ते भर समुद्रात, कोकणापासून लांब गेल्यावर. किनाऱ्याजवळ होते तेव्हा ते खालच्याच पायरीवर होते. तरी ऐन दिवाळीत पावसाने कापणीला आलेले भात आडवे केले.

आता उलटे उदाहरण. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले. पायरी होती ‘तीव्र’, म्हणजे क्यारच्या तीन पायऱ्या खाली. पण ते जमिनीवर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. पोफळीचे मूळ उथळ असते. पावसाने माती भिजली की उंच खोडाचा तरफेसारखा उपयोग होतो आणि झाड मोडण्याऐवजी उपटते. नवे रोप लावले तरी सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नुकसान एका मोसमाचे नव्हते ते यामुळे.

पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ आले. ते निसर्गपेक्षा दोन पायऱ्या वर चढले, पण कोकणात जमिनीवर आले नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या समोरून समुद्रातून वर सरकले आणि 17 मेच्या रात्री गुजरातेत शिरले. आपल्याकडे हापूस झडला, छपरे गेली, पण वादळाचा गाभा समुद्रावरच राहिला. समुद्रात जे होते त्यांची गत वेगळी झाली. मुंबईच्या पश्चिमेला ‘पी-305’ हा बार्ज बुडाला आणि 70 हून अधिक माणसे गेली.

आणि सर्वांत खालची पायरी? नोव्हेंबर 2009 चे ‘फयान’ नुसते चक्रीवादळ होते, ‘तीव्र’ हे विशेषणसुद्धा त्याला नव्हते. 11 नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागले. मासेमारीचा हंगाम भरात होता, होड्या बाहेर होत्या. कोकणातले अनेक खलाशी परत आले नाहीत. 70-80 चा वारा पक्क्या घरात बसलेल्याला फारसा जाणवणार नाही, होडीत असलेल्याला तो पुरेसा असतो.

## वादळाचा उजवा हात

वादळ ज्या दिशेने चालते त्या दिशेला तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताची बाजू जास्त वाईट, कारण तिथे वाऱ्याच्या फिरण्यात वादळाच्या चालीचा वेग मिळवला जातो. डाव्या हाताला तो वजा होतो.

कोकणात वादळ पश्चिमेकडून जमिनीवर येते तेव्हा उजवी बाजू म्हणजे दक्षिण. त्या बाजूला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी खाड्यांत ढकलतो. उत्तरेला तो जमिनीकडून समुद्राकडे असतो. म्हणून वादळ ‘आपल्या दक्षिणेला’ लागणार की ‘उत्तरेला’ हे पन्नास किलोमीटरच्या फरकानेही महत्त्वाचे ठरते. नकाशावर पुढे रुंद होत जाणारी जी पिसाऱ्यासारखी आकृती असते, ती वादळाचा आकार नव्हे. मध्य कुठे जाईल याच्या शक्यतेची ती हद्द आहे. मधल्या रेषेवर आपले गाव नाही म्हणून सुटलो, असे ती सांगत नाही.

वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, गावावरून गेला तर मधेच वारा पडतो, क्वचित ऊनही पडते. लोक बाहेर येतात, पडलेली फांदी उचलू लागतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, पहिल्याइतकाच जोराचा. एका बाजूने सैल झालेली झाडे दुसऱ्या बाजूच्या झोताने कोसळतात.

## ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ म्हणजे पाऊस तुरळक नव्हे

पावसाच्या शब्दांनाही शिडी आहे. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार, 204.5 पासून अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठ्याचा हिशेब केला तर 204.5 मिलिमीटर म्हणजे साडेवीस हजार लिटरच्या वर, दहा हजारी दोन टँकर एका गुंठ्यात ओतल्यासारखे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडले. तिथे हाच हिशेब साडेनऊ टँकरवर जातो, पण शब्द तोच: अत्यंत मुसळधार. इथेही शिडीला वर छप्पर नाही.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द जागेबद्दल आहेत, जोराबद्दल नाहीत. त्या विभागातल्या चौथ्या हिश्शापर्यंतच्या केंद्रांवर असा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. ज्या केंद्रावर होईल तिथे तो पुरता अतिमुसळधार असेल. शब्दांची ही जोडी जरा दुर्दैवी आहे. घाईत वाचणारा ‘तुरळक’वरच थांबतो.

‘अतिवृष्टी’चे आणखी निराळे. बोलण्यात ती ढगफुटीची सख्खी बहीण, पण महसूल खात्याच्या नुकसानभरपाईच्या हिशेबात महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. जुलैत कोकणात एवढा पाऊस ही बातमीसुद्धा होत नाही. म्हणूनच पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला ‘भयंकर पाऊस झाला हो’ सांगून काही होत नाही, मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा लागतो. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात, हेही लक्षात ठेवावे. रात्रीचा पाऊस उद्याच्या तारखेवर पडतो.

वादळ नसताना नुसता पाऊसही काय करतो ते 22 जुलै 2021 ला दिसले. त्या दिवशी चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली. चक्रीवादळ हा शब्द त्या दिवशी कोणत्याही पत्रकात नव्हता.

## ‘रेड अलर्ट होता आणि ऊन पडले!’

तक्रार रास्त आहे, पण अर्धी. रंग म्हणजे पावसाचे किंवा वाऱ्याचे माप नाही, करायच्या कामाचे माप आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. तो बहुधा अख्ख्या जिल्ह्याला दिला जातो. माथेरान आणि पोलादपूर दोन्ही रायगडात. एकीकडे धो धो आणि दुसरीकडे ऊन, तरी रंग एकच.

चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे टप्पे वेळेशी बांधलेले असतात: 72 तास आधी पूर्वसूचना, 48 तास आधी पिवळा, 24 तास आधी नारिंगी, 12 तास आधी लाल, आणि या लाल टप्प्यात जमिनीवर आल्यानंतर वादळ कुठे जाईल तेही सांगतात. हूक बदलणे, फांद्या छाटणे, होडी खाडीत आणणे ही पिवळ्या रंगातली कामे आहेत. लाल रंगात छपरावर चढायचे नसते.

मग मागच्या वेळी काहीच झाले नाही त्याचे काय? मध्य शंभर किलोमीटर सरकला तर एका तालुक्यात काहीच होत नाही आणि दुसऱ्यात वाड्या झोपतात. तौक्तेच्या वेळी आपल्या किनाऱ्याने वाचलो म्हटले, ते गुजरातेत ऊना तालुक्यात कोणी म्हटले नसेल.

## भरती किती वाजता आहे?

वादळ समुद्राचे पाणी रेटून किनाऱ्याशी फुगवते. पत्रकात त्याची उंची ‘नेहमीच्या भरतीपेक्षा इतकी जास्त’ अशी येते. एक मीटर फुगवटा ओहोटीला आला तर कदाचित पुळणीवरच थांबेल. तोच अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात, ऐन भरतीला आला तर खाडीकाठच्या घरात शिरेल. मुंबईकडच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अजून चालते: अष्टमीला सहाच्या सुमारास. दक्षिणेकडे वेळ थोडी सरकते, म्हणून छापील कोष्टक असेल तर तेच पाहावे.

## बंदरावरचा बावटा

वादळाच्या इशाऱ्यासाठी बंदरावर लावतात त्या बावट्याचे आकडे हीसुद्धा वाढत्या भीतीची शिडी आहे, असा समज किनाऱ्यावरच्या पुष्कळांचा आहे. ती शिडी आहे, पण सरळ नाही. 1 आणि 2 नंबर म्हणजे गडबड दूर समुद्रात. 3 आणि 4 म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा धोका. ‘तीन नंबर लागला’ की मासेमारीला जायचे नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते.

पुढची गंमत कमी जणांना माहीत असते. 5, 6, 7 यांत धोक्याची पातळी एकच. 5 म्हणजे वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाईल, 6 म्हणजे उजव्या हाताला ठेवून, 7 म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून. 8, 9, 10 म्हणजे हेच तीन प्रकार, पण अधिक तीव्र वादळाचे. म्हणजे ‘पाचच नंबर आहे, सात नाही’ हे समाधान पोकळ आहे. आणि उजव्या हाताचे वर सांगितलेच.

बाहेर समुद्रात असलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बावटा दिसत नाही. त्याच्यासाठी व्हीएचएफ बिनतारी संचाचे 16 नंबर चॅनेल आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक. जमिनीवर असाल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. होड्या खाडीत आणल्यावर एकमेकींना खेटून बांधू नयेत. वारा फिरला की त्या एकमेकींवरच आपटून फुटतात. मधे जागा ठेवावी, कडेला जुने टायर बांधावेत आणि नांगराचा दोर भरतीला ताणला जाणार नाही इतका सैल सोडावा.

बावट्यांत शेवटचा 11 नंबर. त्याला ना ‘तीव्र’ हे विशेषण आहे, ना वाऱ्याचा आकडा. हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे आणि बंदर अधिकाऱ्याला स्वतःच्या अंदाजाने हवा बिघडण्याचा धोका वाटतो, एवढाच त्याचा अर्थ.